रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, मग मेंदूला सूज कशाने?

विट्याकडच्या एका तरुणाने आपल्या दाजींबद्दल विचारलंय. ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत, बाकी प्रश्न त्याच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"आमचे दाजी ४६ वर्षांचे. गलाईचा (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) धंदा, दुकान तिकडं तमिळनाडूत. एचआयव्ही असल्याचं ११ वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून रोजची गोळी चालू. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 'सापडला नाही' असा रिपोर्ट, सीडी फोर ५५०. दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं, हिशेबात चुका व्हायला लागल्या आणि एक दिवस दुकानातच फिट आली. मिरजेला आणलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात सूज, पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या. टीबी निघाला नाही, बुरशी निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, हे विषाणूने थेट केलेलं नाही, यांची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलीय, स्टेरॉइड द्यावं लागेल. मॅडम, एचआयव्ही म्हणजे प्रतिकारशक्ती जाणं, असंच आम्हाला आजवर सांगितलं गेलं. मग ती नसलेली प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली कशी? त्यात स्टेरॉइड दिलं तर उरलीसुरली पण जाणार नाही का? आणि धंद्यावर परत कधी जाता येईल? घरात तर असं चाललंय की गोळ्यांनीच प्रतिकारशक्ती वाढली आणि म्हणून हे झालं, तेव्हा एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या थोडे दिवस थांबवू आणि गुळवेलीचा काढा सुरू करू."

आधी शेवटच्या वाक्याचं बोलते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. एआरटी थांबवू नका. एक दिवससुद्धा नाही. आजार प्रतिकारशक्तीने केला म्हणून विषाणूवरचं औषध सोडायचं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण तो कसा चुकतो ते पुढे येईलच. काढ्याचंही येईल.

मी दाजींचा एमआरआय पाहिलेला नाही. त्यामुळे निदान बरोबर की चूक हे मी इथून सांगणार नाही. त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते होऊ शकतं का आणि कसं होतं, एवढंच सांगते.

आपल्या डोक्यात प्रतिकारशक्ती म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाखालची कृष्णेच्या पाण्याची पातळी असते. आज इतके फूट, उद्या तितके. कमी झाली की धोका, वाढली की बरं. एचआयव्हीच्या रुग्णांना आम्ही डॉक्टरांनीच ही सवय लावली. दर सहा महिन्यांनी सीडी फोरचा आकडा सांगायचा आणि आकडा वाढला की पाठ थोपटायची. पण तो आकडा एकाच जातीच्या पेशींचा आहे. त्याच रक्तात सीडी एट नावाच्या दुसऱ्या पेशी असतात आणि त्यांचा आकडा तुम्हाला बहुधा कुणी सांगितलेलाच नसतो.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. सीडी फोर म्हणजे मुकादम. टोळी कुठल्या फडात न्यायची, काय तोडायचं, कुठे थांबायचं हे तो बघतो. सीडी एट म्हणजे कोयता हातात असलेला गडी. ज्या पेशीत विषाणू शिरलाय ती पेशी ओळखायची आणि मारायची, हे त्याचं काम. एचआयव्ही मारतो तो मुख्यतः मुकादमांना. कोयतेवाले शाबूत राहतात, उलट वर्षानुवर्षं विषाणू अंगात असल्याने त्यांची संख्या फुगलेली असते. एआरटीने मुकादम पुष्कळसे परत येतात, पण कोयतेवाल्यांची फुगलेली संख्या अनेकांच्या बाबतीत पुरती खाली येत नाही. शिवाय सीडी फोरमध्येच काही पेशी अशा असतात की 'बास आता, पुरे' एवढंच सांगणं हे त्यांचं काम. तीही व्यवस्था आजारात विस्कटते. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात प्रतिकारशक्ती एका बाजूने दुबळी आणि दुसऱ्या बाजूने बेलगाम, असं असू शकतं. तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता मेंदूकडे येऊ. पण आधी यकृत, कारण तिथे हे समजायला सोपं आहे. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, पण तिला तो स्वतः फारसा मारत नाही. यकृताला सूज येते ती सीडी एट पेशी त्या बाधित पेशींवर तुटून पडतात म्हणून. काही पेशी मेल्या तरी यकृत त्या पुन्हा उगवतं. ऊस तोडला तरी खोडवा येतो, तसं. मेंदूतल्या चेतापेशींना खोडवा नाही. शिवाय मेंदू कवटीत बंद. पायाला सूज आली तर चप्पल घट्ट होते, मेंदूला आली तर वाढायला जागाच नाही. म्हणून शरीराने मेंदूसाठी वेगळे नियम केलेत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतरांपेक्षा घट्ट विणलेल्या असतात, रक्तातल्या पेशी सहजासहजी आत जात नाहीत. आणि चेतापेशी 'माझ्यात विषाणू आहे, मला मार' असा फलक शक्यतो बाहेर लावतच नाहीत. मेंदूत प्रतिकारशक्ती मुद्दाम दबक्या पावलांनी चालते. ही पावलं जोरात पडायला लागली की त्याचाच आजार होतो.

हे कळलं ते उंदरांमुळे. ही गोष्ट मी दरवर्षी पोस्ट ग्रॅज्युएटच्या मुलांना सांगते आणि दरवर्षी दोघे-तिघे तरी डुलकीतून जागे होतात.

१९३०च्या दशकात अमेरिकेत एक विषाणू सापडला. एलसीएमव्ही असं त्याचं आखूड नाव. घरातल्या साध्या उंदरांत तो आढळतो. मोठ्या, धडधाकट उंदराच्या मेंदूत तो टोचला की आठवड्याभरात झटके येऊन उंदीर मरतो. पण ज्या पिलांना आईच्या पोटातच लागण झालेली असते, ती पिलं अंगभर विषाणू घेऊन मजेत जगतात. विषाणू तोच. फरक एवढाच की त्या पिलांच्या शरीराला तो विषाणू घरचाच वाटतो, त्यामुळे त्याच्यावर हल्ला होत नाही. पुढे १९५०च्या दशकात असं दिसलं की मोठ्या उंदराला आधी क्ष-किरण देऊन त्याची प्रतिकारशक्ती मोडली, तर विषाणू टोचूनही तो वाचतो. मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटचा पुरावा आला. औषधाने प्रतिकारशक्ती दाबून वाचवलेला, विषाणू अंगात असलेला उंदीर घ्यायचा आणि त्याला दुसऱ्या, लढाईला तयार झालेल्या उंदराच्या पेशी टोचायच्या. काही दिवसांत तो आजारी पडतो. विषाणू आधीपासून होता. आजार पेशींनी आणला.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल हे दोघे याच उंदरांच्या मेंदूभोवतालच्या पाण्यातल्या पेशी काढून पाहत होते. त्या पेशी बाधित पेशीला ओळखतात कशा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर निघालं की नुसता विषाणू दिसून भागत नाही, तो शरीराच्या स्वतःच्या ओळखखुणेसोबत दिसावा लागतो. या शोधाला १९९६ साली नोबेल मिळालं. मेंदूज्वर झालेल्या उंदराच्या पाण्यातून निघालेला नोबेल. पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे नातेवाईक अजूनही सह्या करायला कचरतात, तेव्हा मला हे आठवतं. (पाणी काढल्याने माणूस लुळा होत नाही. हजारदा सांगून झालंय, इथे एक हजार एकावं.)

कोयतेवाले आत शिरून नेमकं करतात काय, तर तीन गोष्टी. एक, बाधित पेशीला भोक पाडून तिच्यात मारक द्रव्य सोडतात. दोन, इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सोडतात. ती आसपासच्या, काहीही दोष नसलेल्या पेशींनाही लागतात आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी त्यांनी भडकतात. तीन, बाहेरून आणखी पेशी बोलावतात. २००९ साली जिवंत उंदराच्या मेंदूवरचं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं की सीडी एट पेशींनी बोलावलेल्या या पाहुण्यांच्या झुंडी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून घुसतात आणि भिंतीच फोडतात. मग वाहिन्या गळतात, सूज येते. चेतापेशीचा यात काही संबंध नसतो, तिच्यात विषाणूही नसतो. ढेकणासंगे हिरा भंगला, तो असा.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा नीट कळली, ती सांगायला हवी. विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला की सीडी एट पेशी दमतात. त्यांच्यावर पीडी-वन नावाचा एक ब्रेक उगवतो. आम्ही याला थकवा म्हणतो आणि थकवा म्हटलं की तो वाईटच वाटतो. २००६ साली एलसीएमव्हीच्याच एका जुनाट प्रकारावर काम करताना दिसलं की ज्या उंदरांत हा ब्रेक लागूच शकत नाही, ते विषाणूला हरवत नाहीत, काही दिवसांत मरतात. म्हणजे हा थकवा शरीराने केलेला तह आहे. तुला मी पूर्ण मारू शकत नाही, मारायला गेलो तर माझंच घर पडेल, तेव्हा मी जरा हात आखडता घेतो. जुनाट विषाणूसोबत जगणारा प्रत्येक माणूस अशा तहावर जगत असतो. दाजींच्या बाबतीत तो तह मेंदूत कुठेतरी मोडला, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे.

एचआयव्ही मेंदूत फार लवकर जातो. लागण झाल्यावर आठच दिवसांत पाठीतल्या पाण्यात तो सापडल्याची नोंद आहे. चेतापेशीत तो शिरत नाही. तो राहतो रक्तवाहिन्यांच्या कडेला बसणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत आणि मायक्रोग्लियांत. गोळ्या सुरू झाल्यावर रक्तातला विषाणू नाहीसा होतो, पण या पेशी दीर्घायुषी असतात आणि त्यांच्या आत त्याचं बी पडून असतं. अधूनमधून ते किंचित जागं होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही, पण शेजारून जाणाऱ्या सीडी एट पेशीला तेवढं पुरतं.

२०१३ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी अशा १४ रुग्णांची माहिती छापली. एचआयव्हीवर उपचार चालू, तरी मेंदूला सूज, आणि मेंदूचा तुकडा तपासला तर तिथे सीडी एट पेशींची दाटी. आजाराला त्यांनी सीडी एट एन्सेफलायटिस म्हटलं आणि वेळेत स्टेरॉइड दिलं तर हा आजार हटू शकतो, हे ठासून सांगितलं. काहींच्या बाबतीत आधी गोळ्या थोडे दिवस बंद पडल्या होत्या, काहींना आधी साधासा दुसरा संसर्ग होऊन गेला होता. माझ्या एका रुग्णाची गोष्ट इथे जुळते आणि ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

ऑगस्ट २०१९. सांगलीत पूर. नदीकाठच्या वस्तीतला, चाळिशीतला एक माणूस बायकोमुलांना घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर पडला. गोळ्यांची डबी कपाटात राहिली. छावणीत, शेकडो माणसांत, 'माझी एचआयव्हीची गोळी राहिली' असं कुणाला सांगणार? बारा-तेरा दिवस गेले. पाणी ओसरल्यावर त्याने गुपचूप जाऊन गोळ्या आणल्या, पुन्हा सुरू केल्या. मधे सर्दी-ताप होऊन गेला. सप्टेंबरअखेर बायको त्याला घेऊन आली. म्हणाली, हे शर्टाची बटणं उलटसुलट लावतायत आणि सारखं विचारतायत, पाणी उतरलं का?

पाठीतल्या पाण्यात पेशी भरपूर, जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्रथिनं वाढलेली. आपल्या भागात हे चित्र दिसलं की टीबीचा मेंदूज्वर हे नाव आधी ओठावर येतं. मीही तेच केलं. टीबीची औषधं सुरू केली. टीबीच्या मेंदूज्वरात सुरुवातीला स्टेरॉइड देतातच, तेही दिलं. चार दिवसांत माणूस उठून बसला. बटणं सरळ. मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली. दीड महिन्याने स्टेरॉइड कमी करत शून्यावर आणलं आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा तसाच झाला. पाणी उतरलं का?

तेव्हा कुठे मी पहिली फिल्म पुन्हा लाइटबॉक्सला लावून बसले. मेंदूच्या पांढऱ्या भागात, दोन्ही बाजूंना, औषध टोचून काढलेल्या चित्रात बारीक बारीक उजळ रेघा आणि ठिपके होते. रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, ओल्या भिंतीवर बुरशी धरते तशा. पहिल्यांदाही त्या तिथेच होत्या. टीबी शोधताना माझं लक्ष मेंदूच्या तळाशी होतं, तिथे काही नव्हतं आणि त्या 'काही नाही'कडे मी काणाडोळा केला. पाठीतल्या पाण्यातला व्हायरल लोड तेव्हा केला, तो थोडा आला, रक्तात मात्र सापडला नाही. मोठ्या शहरात पाठवून बायोप्सी झाली. वाहिन्यांभोवती सीडी एट पेशींचे गुच्छ. पुन्हा स्टेरॉइड, या वेळी अनेक महिने, अगदी सावकाश उतरवत. आज तो काम करतो. हिशेब मात्र बायको ठेवते.

यावरून दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली, स्टेरॉइडने बरं वाटलं याचा अर्थ निदान पक्कं झालं असा होत नाही, कारण स्टेरॉइडने बऱ्याच आजारांत बरं वाटतं. म्हणून ते सुरू करण्याआधी टीबी, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि जेसी विषाणूने होणारा पीएमएल हा मेंदूचा आजार यांची शहानिशा व्हायला हवी. तुमच्या प्रश्नातल्या 'टीबी निघाला नाही, बुरशी निघाली नाही' या वाक्यामागे डॉक्टरांचं बरंच काम दिसतंय. पीएमएलचं आणि पाठीतल्या पाण्यातल्या व्हायरल लोडचं तेवढं विचारून घ्या. कधीकधी रक्त स्वच्छ आणि मेंदूत मात्र विषाणू वाढतोय, असंही असतं. पश्चिम भारतातल्या रुग्णांतही त्याच्या नोंदी आहेत. तसं असेल तर स्टेरॉइडइतकंच एआरटीचं औषध बदलणं महत्त्वाचं ठरतं.

दुसरी गोष्ट, गोळ्या का थांबवायच्या नाहीत. सीडी एट पेशी चिडतात त्या विषाणूचं प्रथिन दिसतं म्हणून. गोळी बंद केली की विषाणू भराभर वाढतो, मेंदूतल्या बियालाही कोंब फुटतात आणि कोयतेवाल्यांना आणखी फड मिळतो. जोडीला मुकादम पुन्हा मरायला लागतात. आगीतून फुफाट्यात. एआरटी सरपण कमी करते, स्टेरॉइड जाळ कमी करतं. दोन्ही एकत्रच चालवायचं.

'गोळ्यांनीच प्रतिकारशक्ती वाढली आणि म्हणून हे झालं' हे जे घरात बोललं जातंय, त्यात मात्र एका वेगळ्या परिस्थितीपुरतं तथ्य आहे. ज्यांची सीडी फोर अगदी तळाला गेलेली असते आणि मेंदूत आधीच एखादा जंतू दडलेला असतो, त्यांच्यात गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्या जंतूवर इतकी तुटून पडते की रुग्णाची तब्येत बिघडते. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याआधी मिरजेत आम्ही पाठीतल्या पाण्यात इंडिया इंक या काळ्या शाईचा थेंब टाकून क्रिप्टोकॉकस शोधायचो. काळ्या आभाळात चंद्र दिसावेत तशा त्या गोल बुरश्या दिसायच्या आणि दिसल्या की पुढचं ठरलेलं असायचं. २००४ नंतर हात शिवशिवायचे, कधी एकदा गोळ्या सुरू करतो असं व्हायचं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १७७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली छापून आली. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असताना एआरटी एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांत सहा महिन्यांत ४५ टक्के दगावले, पाच आठवडे थांबलेल्यांत ३० टक्के. घाईने दिलेलं योग्य औषधही मेंदूत मारक ठरू शकतं, हे पचवायला आम्हाला जड गेलं. पण ही सगळी कथा गोळ्या पहिल्यांदा सुरू करण्याच्या वेळची. दाजी ११ वर्षं गोळी घेतायत. त्यांना ती लागू करून गोळ्या बंद करणं साफ चूक.

हे फक्त एचआयव्हीत होतं असंही समजू नका. एचटीएलव्ही-वन नावाचा त्याचा लांबचा भाऊबंद आहे, आपल्याकडे विरळ, पण नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांत पुष्कळ. लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. थोड्यांचे पाय हळूहळू ताठरतात, लघवीवरचा ताबा जातो. १९८५ साली मार्टिनिक बेटावर आणि १९८६ साली जपानमध्ये कागोशिमाला या दुखण्याचा संबंध त्या विषाणूशी लागला. तिथेही मज्जारज्जूत विषाणूविरुद्धच्या सीडी एट पेशींची गर्दी, रक्तापेक्षा पाठीतल्या पाण्यात दाट. विषाणूने भरलेल्या पेशी बाहेरून आत जातात, त्यांच्या मागे मारेकरी जातात आणि दोघांच्या हाणामारीत मज्जारज्जू सापडतो. अलीकडे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचंही नाव इथे घेतलं जातं. २०२२ साली एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर त्या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. तो विषाणू मात्र जवळजवळ सगळ्या प्रौढांच्या अंगात असतो आणि आजार मोजक्यांनाच होतो. त्यामुळे नुसत्या विषाणूवर बोट ठेवून भागत नाही.

आता स्टेरॉइड. ते प्रतिकारशक्ती कमी करतं हे खरं, आणि इथे ती कमी करायचीच आहे. सहसा आधी शिरेतून काही दिवस मोठा डोस, मग गोळ्या, त्या आठवड्यां-महिन्यांनी उतरवत जायच्या. पुन्हा उसळायची शक्यता असते ती उतरवतानाच. त्यामुळे 'बरं वाटतंय, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय, बंद करू' हे परस्पर ठरवू नका. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकतं. साखर आणि ब्लडप्रेशर तपासत राहा. ताप, तोंडात पांढरा थर, शौचास काळं होणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा.

गोळ्यांच्या भांडणाकडे मात्र बारीक लक्ष द्या, कारण चुका इथेच होतात. आज बहुतेकांच्या एआरटीत डोल्युटेग्राविर असतं. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिलं तर ती औषधं डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण पाडतात. गोळी वेळेवर पोटात जाते आणि तरी कमी पडते. फिटच्याच लेव्हेटिरासिटॅम या औषधाचा असा त्रास नाही. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट साध्या गोळ्यांची. स्टेरॉइड सुरू झालं की चिठ्ठीवर हाडांसाठी कॅल्शियम येतं, पोटात जळजळतं म्हणून घरात अँटासिडची बाटली येते. ही दोन्ही डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. अँटासिड घ्यायचंच तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणासोबत एआरटीच्या गोळीबरोबर चालते, उपाशीपोटी नाही. एआरटीत रिटोनाव्हिर असेल तर उलट स्टेरॉइडच अंगात साठतं, तेव्हा गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही सुरू करू नका.

काढा. ज्याची प्रतिकारशक्ती आवरायला आम्ही औषध देतोय, त्याला ती वाढवायचा काढा? खरोखर वाढवत असेल तर नको आणि वाढवत नसेल तर कशाला? गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला प्रतिकारशक्तीच्याच उलटण्याने सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलंय. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. तो वाद बाजूला ठेवला तरी दाजींच्या बाबतीत मी धोका घेणार नाही. सासूबाईंना वाईट वाटणार असेल तर हळद घातलेलं दूध करू द्या, तेवढं चालेल.

पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको, चप्पल तर नकोच. पाच मिनिटांच्या वर गेली की गाडी काढा.

धंद्याचंही विचारलंय तुम्ही, परत कधी जाता येईल म्हणून. भट्टी, उकळतं ॲसिड आणि एकट्याने दुकान, यांतलं काहीही सध्या नाही. फिट थांबून किती दिवस झाले ते बघून त्यांचे डॉक्टर सांगतील. तोवर एक काम त्यांना घरी द्या. कसोटीचा दगड आणि दोन-तीन दागिने. रोज संध्याकाळी कस लावून किती टंच आहे ते सांगायचं, तुम्ही वहीत लिहायचं. आमच्या चाचण्यांतले घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करा हे प्रश्न तीस वर्षं गलाई केलेल्या माणसाला नीट मोजत नाहीत. त्यांचा कस चुकायला लागला तर ते एमआरआयच्या आधी कळेल. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा, सोबत घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणि पहिल्या एमआरआयची मूळ फिल्म. नुसता टाइप केलेला रिपोर्ट नको, फिल्म.